रविवारी विसावणारा गोंद

क्रोस्नो गावातल्या संशोधन संस्थेत गोंदाचा विभाग तळघरात होता. वरच्या तीन मजल्यांवर महत्त्वाचे विभाग होते, म्हणजे हिशेब, आस्थापना आणि पाहुण्यांना कॉफी पाजायची खोली. तळघरात होती दोन ओढायची मशीनं, एक दमट कपाट आणि झेनोब्युश पिर्कोश. या सगळ्यांत झेनोब्युश जुना. एकतीस वर्षं तो तिथे तंत्रज्ञ होता, पेन्शनला दीड वर्ष उरलं होतं, आणि एवढ्या काळात त्याचं मत कुणी विचारलं होतं ते एकदाच, भिंतींना हिरवा रंग द्यावा की करडा याबद्दल. तो हिरवा म्हणाला. रंग पिवळा दिला गेला.

दमट कपाट माणूसभर उंच, पोलादी. आत पन्नास अंश उष्णता आणि हवेत इतकं पाणी की दार उघडताच चष्म्यावर धुकं धरे. त्यात अॅल्युमिनियमच्या पट्ट्यांच्या जोड्या टांगलेल्या असत, एकीचं टोक दुसरीवर अंगठाभर चढवून गोंदाने चिकटवलेलं. काही आठवडे त्यांना असं वाफेत ठेवायचं, मग एकेक जोडी मशीनच्या जबड्यात धरून ओढायची, सोडायची, ओढायची, सोडायची. एक ओढ आणि एक सोड मिळून एक फेरा. किती फेऱ्यांनंतर जोड थकून सुटतो तो आकडा वहीत लिहायचा. दोघांचा संसार लावून द्यायचा, वर छळायचं, आणि किती टिकला ते मोजायचं, याला तिथे विज्ञान म्हणत.

अठ्ठ्याण्णव सालच्या जुलैत गावातल्या ग्लायडरच्या, म्हणजे बिनइंजिनाच्या विमानांच्या, कारखान्याला एक सुंदर कल्पना सुचली. पंखातले धातूचे खिळे, म्हणजे रिव्हेट, काढून टाकायचे आणि भाग नुसते चिकटवायचे. वजन कमी, खर्च कमी, जाहिरात मोठी. अट एकच होती, उष्ण दमट हवा खाऊनसुद्धा जोडाने दोन लाख फेरे काढले पाहिजेत. ते काढतो की नाही हे संस्थेने सांगायचं होतं, लेखी आणि सहीनिशी.

काम आलं डॉक्टर लुत्सिना हायदुककडे. वय छत्तीस, डोकं तल्लख, आणि सुट्टीच्या दिवशी स्वतः ग्लायडर उडवण्याचं वेड. या कामावर तिला डॉक्टरकीच्या वरची पदवी मिळणार होती. ती नसेल तर माणूस नुसता डॉक्टर राहतो, आणि नुसता डॉक्टर म्हणजे त्या इमारतीत कुंडीतल्या झाडाच्या जरा वर. पण संस्थेत झेनोब्युशला 'चहा घेणार का' असं विचारून उत्तर ऐकायला थांबणारी तीच एक होती. ती त्याला झेनेकराव म्हणे. तिच्यासाठी झेनोब्युशने जीव टाकला असता, फक्त कुणी तसा मागितला नव्हता.

विभागाचे प्रमुख प्रोफेसर लुदोमिर बिएलावा. ते वर्षातून दोनदा तळघरात उतरत. एकदा पाहुण्यांना घेऊन, आणि एकदा अळंब्यांसाठी.

अळंब्यांचं सांगायलाच हवं. सप्टेंबर लागला की क्रोस्नोतलं शहाणंसुरतं माणूस पहाटे चारला उठून बेस्किद डोंगरातल्या रानात शिरतं आणि स्वतःची जागा सख्ख्या भावालाही सांगत नाही. झेनोब्युशच्या दोन टोपल्या भरून तपकिरी टोप्यांच्या अळंब्या निघत. काढणं सोपं, वाळवणं कठीण. भट्टीत शिजतात, दोऱ्यात ओवून खिडकीत टांगाव्यात तर बुरशी धरतात. अळंबीला हवी मंद, कोरडी ऊब, पन्नास अंशांची. आणि पन्नास अंशांचं पोलादी कपाट सरकारी विजेवर तळघरात उभं होतं. एकोणीस वर्षं झेनोब्युश शनिवारी सकाळी यायचा, दमटपणाचं बटण शून्यावर न्यायचा, दाराला काडेपेटीएवढी फट ठेवायचा, जाळीवर काप पसरायचा. सोमवारी सहाला येऊन माल काढायचा आणि बटण जागेवर. सगळ्यांना ठाऊक होतं, कारण नाताळात प्रत्येकाच्या घरी एकेक बरणी पोचत असे. प्रोफेसरसाहेबांच्या घरी दोन.

आता कुणी म्हणेल, या खेपेला आत नमुने होते, अक्कल कुठे गेली होती? अक्कल जागेवरच होती. कामाच्या कागदावर लिहिलं होतं, 'पन्नास दिवस दमट हवेत.' त्या संस्थेत दिवस म्हणजे कामाचे दिवस. रजा कामाच्या दिवसांत मोजत, पत्राचं उत्तर कामाच्या दिवसांत देत, प्रोफेसरसाहेबांचं आजारपणसुद्धा कामाच्या दिवसांतच येई. शनिवारी सगळी इमारत बंद, तर पट्ट्यांनीच तेवढं कामावर का असावं? झेनोब्युशने त्यांनाही सुट्टी दिली. वर अळंब्यांचा वास लागू नये म्हणून पट्ट्या मागच्या हुकांवर सरकवल्या. एवढी काळजी कोण घेतं?

ऑक्टोबरच्या मध्यावर लुत्सिना वही घेऊन त्याच्या टेबलाशी आली.

"झेनेकराव, हे बघा जरा. शुक्रवारी ओढलेले जोड, ऐंशी हजार फेरे. सोमवारी ओढलेले, तीन लाख दहा हजार. गोंद तोच, कपाट तेच. असं का हो?"

"मशीन सोमवारी ताजं असतं, बाई."

"थट्टा नका करू. मशीन दोनदा तपासलं मी."

"मग शुक्रवारी दमलेलं असेल."

तिने तिसऱ्यांदा मशीन तपासलं. आकडे तेच. शेवटी ती प्रोफेसरसाहेबांकडे गेली, आणि तिथेच घोटाळ्याला पदवी मिळाली. साहेबांनी आकड्यांकडे पाहिलं, खिडकीबाहेर पाहिलं, आणि चष्मा काढला. चष्मा काढला की साहेबांना सिद्धांत सुचतो हे सगळ्या मजल्यांना माहीत होतं.

"विसावा!" साहेब म्हणाले. "शनिवार-रविवारी मशीनं बंद. तळघरात कंप नाही, गडबड नाही. त्या शांततेत गोंद आतल्या आत सावरतो. हायदुकबाई, तुमच्या लक्षात येतंय का? गोंद विश्रांती घेतो!"

"पण साहेब, टांगलेल्या पट्टीला कसली आलीय दमणूक? तिला अजून ओढलेलीच नाही."

"तपशील नंतर भरता येतो," साहेब म्हणाले.

महिन्याभरात विसाव्याचा सिद्धांत छापून आला, साहेबांचं नाव आधी आणि लुत्सिनाचं नंतर. पट्ट्यांना येणाऱ्या मातकट वासाला लेखात 'घट्ट झालेल्या गोंदाचा वैशिष्ट्यपूर्ण गंध' असं भारदस्त नाव मिळालं. बातमी गावभर गेली. चर्चमधल्या फादरनी रविवारच्या प्रवचनात सांगितलं की गोंदाला कळतं ते क्रोस्नोतल्या दुकानदारांना कळत नाही, ते रविवारीही दुकानं उघडतात. कारखानाही खूश. ग्लायडर आठवडाभर हँगरमध्ये उभाच असतो, म्हणजे विसावाच विसावा! शुक्रवारचे आकडे बाजूला काढले, 'विसावा न मिळालेले' म्हणून. सोमवारचे अहवालात गेले.

झेनोब्युशला या सगळ्याशी काही देणंघेणं नव्हतं. पण नोव्हेंबरात एकदा चहा पिता पिता त्याने सहज विचारलं, "बाई, हा गोंद मुळात थकतो कशानं?"

"पाण्यानं. जोडाच्या काठाकडून पाणी आत शिरतं, गोंद मऊ पडतो, धातूवरची पकड सुटत जाते. वरून उष्णता असली की पाणी धावतच आत जातं."

"आणि समजा, ते पाणी परत बाहेर पडलं तर?"

"तर बराचसा जोर परत येईल. पण पडेल कसं? कपाट कायम ओलं आहे ना!" ती हसली.

झेनोब्युश हसला नाही. चहाचा कप त्याने तसाच खाली ठेवला. खाई त्याला खवखवे म्हणतात, इथे तर वाळवी त्याला. घरी जाऊन त्याने बायकोला, गेनोवेफाला, सगळं सांगितलं. ती बरण्यांना चिठ्ठ्या चिकटवत होती.

"गप्प बस," गेनोवेफा म्हणाली. "कुणी विचारलं तर सांग. एकतीस वर्षांत विचारलंय का कुणी?"

"त्या पोरीची पदवी आहे गं त्याच्यावर."

"म्हणूनच म्हणते, गप्प बस. पदवी मिळू दे तिला, पेन्शन मिळू दे तुला. गोंदाचं गोंद बघेल."

तो गप्प बसला. गप्प बसायची त्याला सवय होती, पगार त्याचाच मिळत होता.

नाताळच्या दोन दिवस आधी संस्थेत सगळे जमले. कॉफीच्या खोलीत टेबलं जोडून पांढरी चादर घातली होती. हेरिंग मासे, खसखशीची वळकटी, आणि मोठ्या पातेल्यात बीटाचं लालभडक सार, त्यात अळंबी भरलेल्या कानाच्या आकाराच्या पिठाच्या पुड्या. अळंबी कुठली हे सांगायला नको. सगळी संस्था पुरावा वाढून घेत होती आणि अजून मागत होती. कोपऱ्यात कारखान्याचा माणूस फळांचं सरबत पीत बसला होता. दोन वाजता अहवालावर सह्या व्हायच्या होत्या आणि तो घेऊन जायचा होता.

मग ओप्वातेक. पावाचा तो कागदासारखा पापुद्रा प्रत्येकाच्या हातात, समोरच्याच्या पापुद्र्याचा तुकडा मोडायचा, तोंडात टाकायचा, एकमेकांना शुभेच्छा द्यायच्या, काही सलत असेल तर माफी मागायची. वर्षभर एकमेकांचे पाय ओढणारी माणसं त्या दहा मिनिटांत एकमेकांच्या गळ्यात पडत होती. लुत्सिना झेनोब्युशपुढे आली.

"आरोग्य लाभो, बाई. पदवी लाभो."

"तुम्हाला सुखाची पेन्शन, झेनेकराव. आणि माझ्यासाठी एक मागा, मे महिन्यात अलगद उतरता येऊ दे."

"मे महिन्यात काय?"

"नवा ग्लायडर! पहिलं उड्डाण मी करणार. कारखान्याला मीच म्हटलं, जोड माझा, तर आधी मीच बसेन त्याच्यावर." तिने त्याच्या पापुद्र्याचा तुकडा मोडला. "असे काय बघता? विश्वास नाही का माझ्यावर?"

झेनोब्युशच्या डोळ्यांपुढे ती पट्टी आली, शुक्रवारची, ऐंशी हजारांवर टक् असा आवाज करून सुटलेली. आवाज मोठा नसतो. बोट मोडल्याएवढा. पापुद्रा त्याच्या टाळूला चिकटला आणि निघेना. आयुष्यात इतका तो कधी घाबरला नव्हता, आणि गंमत म्हणजे या वेळी स्वतःसाठी नव्हे.

"बाई," तो म्हणाला, "माफी मागायची आहे."

"आज सगळेच मागतात. कशाची?"

"तुमच्या ताटातल्या अळंबीची."

तो सांगत गेला आणि ती ऐकत गेली. तिच्या हातातला पापुद्रा हळूहळू चुरा होऊन चादरीवर पडला. ओरडेल, रडेल, निदान शिवी तरी देईल म्हणून तो वाट पाहत राहिला. तिने विचारलं, "कुठकुठले शनिवार?"

"तारखा बरण्यांवर आहेत. गेनोवेफा चिठ्ठी लावते. नऊ शनिवार. पाऊस लागला तो एक सोडून."

"दहा ऑक्टोबर सोडून?"

"हो. तुम्हाला कसं कळलं?"

"त्या सोमवारी जोड अठ्ठ्याहत्तर हजारांत सुटले. मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलं." क्षणभर तिचा चेहरा उजळला. अडलेलं गणित सुटल्यावर शहाण्या माणसाचा उजळतो तसा. "झेनेकराव, इतका सुरेख मेळ मला आयुष्यात कधी बसला नव्हता." मग आपण काय बोललो ते तिच्या ध्यानात आलं आणि ती मटकन खुर्चीत बसली.

दोघं तळघरात गेली. कपाटाच्या बाजूला एक पेन होतं, ते गोल कागदावर आठवडाभर दमटपणाची रेघ ओढी. दर सोमवारी झेनोब्युश कागद बदलून फायलीला लावी. त्याने फाईल काढली. नऊ गोल कागदांवर रेघ आठवड्याचे पाच दिवस नीट फिरून शनिवारी आत कोसळली होती. उंदराने भाकरीचा कोपरा कुरतडावा तसा प्रत्येक कागद एका बाजूने खाल्लेला दिसत होता. आणि प्रत्येक कागदाखाली तीन सह्या होत्या. तंत्रज्ञ पिर्कोश. डॉक्टर हायदुक. प्रोफेसर बिएलावा, हिरव्या शाईत. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, आणि वर आंधळं पिठाच्या पावतीवर सही करतं.

"मी बघितलंच नाही," लुत्सिना म्हणाली. "समोर धरलेत, मी सही केली. नऊ वेळा."

"मी तरी कुठे बघितलं, बाई. मीच केलेलं, म्हणून."

तेवढ्यात जिन्यावर बूट वाजले. हातात केकची बशी घेऊन प्रोफेसरसाहेब खाली उतरले. वर्षातली त्यांची ही तिसरी फेरी, म्हणजे प्रसंग खरोखरच गंभीर होता. "अहो, तो माणूस खोळंबलाय! सही कुठे आहे?"

लुत्सिनाने कागद पुढे केले आणि चार वाक्यांत सगळं सांगितलं. साहेबांनी बशी कपाटावर ठेवली. चष्मा काढला. 

"म्हणजे," साहेब सावकाश म्हणाले, "अधूनमधून वाळवणं झालं. तर तसंच लिहू. 'ठराविक काळाने कोरडी हवा दिली असता.' यात खोटं काय आहे? ग्लायडर हँगरमध्ये उभा असतो. तिथे तो आपोआप वाळेल."

"साहेब..." लुत्सिना म्हणाली.

"मार्चमध्ये तुमची समिती बसते, हायदुकबाई. हे मागे घेतलंत तर पुढची दोन वर्षांनी. आणि त्या समितीवर मी आहे. शांतपणे विचार करा."

लुत्सिनाने कागदांकडे पाहिलं. तिने नाही म्हटलं नाही, आणि ती नाही म्हणत नाहीये हे झेनोब्युशला दिसलं. तिचा हात खिशातल्या पेनाकडे गेला होता. छत्तीस वर्षांचं माणूस, सात वर्षांची मेहनत. त्याला तिचा राग आला नाही, पण छातीत काहीतरी तुटल्यासारखं झालं. आणि मग एकतीस वर्षांत पहिल्यांदा झेनोब्युश पिर्कोश कुणी न विचारता बोलला.

"साहेब, तुम्ही कधी अळंबी वाळवलीय?"

"काय?"

"वाळवलीय का? बायकोने, आईने, कुणी? ग्लायडरचं हँगर नदीच्या काठाला आहे. मी एका वर्षी तिथे दोन टोपल्या पसरून बघितल्या. चार दिवसांत किडे पडले. या गावात शरदात काही आपोआप वाळत नाही, साहेब. ना कपडे, ना लाकूड, ना अळंबी. वाळत असतं तर मी तुमच्या कपाटाकडे कशाला मरायला आलो असतो?"

वर कुणीतरी नाताळचं गाणं सुरू केलं होतं, बेसूर. लुत्सिनाने पेन काढलं. अहवालाच्या पहिल्या पानावर तिने आडवं लिहिलं, 'मागे घेत आहे', खाली नाव आणि तारीख. मग तो कारखान्याच्या माणसाला द्यायला ती स्वतः जिना चढून गेली. जाताना तिने झेनोब्युशच्या खांद्यावर हात ठेवला, आणि तो म्हातारा रडला. लाजला नाही. साहेब बशी घेऊन आधीच निघाले होते.

जानेवारीत कपाटाला कुलूप बसलं. शनिवार, रविवार, सणवार, कपाट ओलंच. सोमवारचे जोड आणि शुक्रवारचे जोड एकाच मापाने सुटू लागले, ऐंशी हजारांच्या आसपास. कारखान्याने निमूटपणे रिव्हेट परत घातले. मे महिन्यात लुत्सिनाने तो ग्लायडर उडवला आणि अलगद उतरवला. झेनोब्युश मैदानाच्या कडेला होता. उड्डाणाआधी त्याने डाव्या पंखाचे रिव्हेट मोजले होते, उजव्याचे मोजू दिले नाहीत.

बाकी न्याय व्हायचा तसा झाला. 'संभाव्य धोका वेळीच ओळखल्याबद्दल' प्रोफेसर बिएलावांचा वॉर्साला सत्कार झाला. झेनोब्युशला 'शासकीय उपकरणात खाद्यपदार्थ ठेवल्याबद्दल' लेखी ताकीद मिळाली, हिरव्या शाईत. लुत्सिना डॉक्टरच राहिली, नुसती. मार्चच्या समितीने तिचं नाव पुढे ढकललं, कारण तिच्या कामात 'सातत्याचा अभाव' दिसला.

पुढच्या ऑक्टोबरात, पेन्शनला चार महिने असताना, शिपाई तळघरात एक बरणी घेऊन आला. रिकामी. सोबत हिरव्या शाईतली चिठ्ठी, 'नेहमीप्रमाणे. बि.'

झेनोब्युशने बरणी धुतली, पुसली, आणि कुलूपबंद कपाटावर उलटी घालून चांगली वाळू दिली. मग फळीवरच्या पेटीतून मागच्या शरदातले तुटके जोड काढले, एकेक करून आत भरले, झाकण घट्ट लावलं. चिठ्ठी लावायला त्याने बरणी लुत्सिनाकडे नेली, कारण तिचं अक्षर चांगलं होतं. काय लिहायचं ते त्याने सांगितलं आणि तिने ते सुवाच्य लिहिलं, ऑक्टोबर अठ्ठ्याण्णव, शुक्रवारचे.